बैलाचे डोके रंगवताना

मुलांना बैल काढायला सांगितला, की पुष्कळ जण दोन्ही डोळे माणसासारखे समोर, शेजारी शेजारी मांडतात. शिंगे कानांच्या जागी उगवतात. ही चूक हाताची नाही, पाहण्याची आहे. बैलाच्या डोक्याचे हुबेहूब तैलचित्र रंगवू पाहणाऱ्या चित्रकाराला म्हणूनच आधी नीट पाहावे लागते.

नमुना म्हणून नाशिक जिल्ह्यातला डांगी बैल घेऊ. इगतपुरीकडच्या मुसळधार पावसात भातखाचरांत राबणारी ही जात. डोके लहान, कपाळ किंचित पुढे आलेले, शिंगे आखूड व जाड.

पहिला प्रश्न : डोळे कोठे? डोक्याच्या दोन्ही बाजूंना. चरताना मान खाली असली, तरी शत्रू दिसायला हवा. मान न वळवता बैलाला सुमारे ३३० अंशांतले दिसते. त्याची बाहुलीही आडवी, लांबट असते.

दुसरा प्रश्न : शिंग कोठून निघते? त्याचा गाभा म्हणजे कवटीच्या हाडाचीच वाढ. त्यावर केराटिनचे, म्हणजे आपली नखे ज्याची बनतात त्या द्रव्याचे, आवरण असते. कान शिंगाच्या खाली, बाजूला. म्हणून चित्रातले शिंग चिकटवलेले वाटता कामा नये.

तिसरा प्रश्न : चमक कोठे? ओले नाक प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करते. तेथे पांढऱ्याचा छोटा, ठसठशीत ठिपका पुरतो. कपाळावरचे केस प्रकाश विखुरतात. तेथे उजेडाची छटा हळूहळू सावलीत मिसळावी लागते.

अशा मिसळणीसाठी तैलरंग सोयीचे. त्यांतले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात व घट्ट पापुद्रा बनतो. याला काही दिवस लागतात. तोवर छटा मिसळता येतात.

हॉलंडच्या पॉलुस पॉटरने १६४७ मध्ये जवळजवळ खऱ्या आकाराचा बैल रंगवला. तो अगदी जिवंत वाटतो. पण अभ्यासकांना त्यात वेगवेगळ्या वयांच्या जनावरांचे अवयव आढळले. प्रत्येक भाग खरा, पण असा बैल कोठेच नव्हता!

वर्गात तैलरंग नसले तरी चालेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलांकडून बैलाचे डोके आठवणीने काढून घ्यावे. पोळ्याला एकाच बैलापासून सुरक्षित अंतरावर बसून, वरचे तीन प्रश्न विचारत, पुन्हा काढून घ्यावे. दोन्ही कागद शेजारी ठेवले, की निरीक्षण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही.