चांगला कंदील कसा घडतो

कऱ्हाडजवळ ओगलेवाडी येथें १९१६ सालीं ओगले बंधूंनीं कांचेचा कारखाना उभारला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील पुढें महाराष्ट्रांत घरोघर गेला. डोळे दिपविण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. कांच पुसावयाची झाली म्हणजे ती सहज वर उचलतां येई. वात हवी तितकी कमीजास्त करतां येई. बाजूच्या नळ्यांतून ज्योतीला हवा मिळे, पण वारा लागत नसे. आणि तारेची कडी धरून तो पावसापाण्यांतून गोठ्यापर्यंत नेतां येई. अशा कंदिलाची घडण अनेक वर्षांच्या वापरांतून सिद्ध झालेली होती. दिवा किती तळपतो यापेक्षां तो हातांत कसा वागतो, याला तींत अधिक मान होता.

पुढें गांवोगांव वीज आली आणि रॉकेलचा कंदील माळ्यावर गेला. परंतु कंदिलाची गरज संपली, असें मात्र म्हणतां येत नाहीं. सह्याद्रीच्या गडांवर मुक्कामास जाणाऱ्या तरुणांना तो लागतो. रात्रीं उंसाला पाणी पाजण्यास निघालेल्या शेतकऱ्याला तर त्यावांचून चालत नाहीं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर चढलें; तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाण्यानें वेढलेल्या वस्त्यांतील वीज बंद ठेवावी लागली. अशा वेळीं आजाऱ्याला औषध देणें, जिन्याची कितवी पायरी बुडाली तें पाहणें, येणाऱ्या नावेला खूण करणें, हें सारें हातांतल्या दिव्यावर अवलंबून असतें. म्हणून फिरून चार्ज होणारा एल. ई. डी. कंदील घडवितांना काय काय पाहावें, हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं.

या दिव्यांत निळा प्रकाश देणारा अर्धवाहकाचा एक कण असतो व त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. दोन्ही प्रकाश मिळून पांढरा दिसतो. निळा कण साधणें फार अवघड गेलें. त्या कार्याबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

दिव्याचा जमाखर्च मात्र सोपा आहे. अठरा मिलिमीटर जाडीची व पासष्ट मिलिमीटर लांबीची एक लिथियम बॅटरी सुमारें ११ वॅट-तास वीज सांठविते. चांगला दिवा एका वॅटमागें सुमारें १०० ल्यूमेन प्रकाश देतो. म्हणजे ३०० ल्यूमेनचा झगझगाट केल्यास ती बॅटरी तीन-साडेतीन तासांत संपेल; १०० ल्यूमेनवर नऊ-दहा तास चालेल; आणि जेवणखाण व उठबस करण्यापुरत्या दहा ल्यूमेनवर ठेवल्यास पांच-सहा रात्री पुरेल. डब्यावर मात्र बहुधा सर्वांत मोठा आंकडाच छापतात. त्यांतहि, दिवा तापला कीं पहिल्या कांहीं मिनिटांतच तो प्रकाश उतरूं लागतो.

ही लबाडी प्रथम ओळखली ती दिव्यांच्या शौकिनांनीं. प्रकाशमापक समोर ठेवून, ठराविक वेळानें नोंद करून, ते दिव्याचा आलेख काढतात. प्रकाश कोठें घसरला, बॅटरी केव्हां संपली, तें त्यांत स्पष्ट उमटतें. असा आलेख म्हणजे कारखानदाराला आयती मिळालेली परीक्षाच होय.

परंतु मोजमापापलीकडच्या गोष्टी वापरणाराच सांगूं शकतो. अंधारांत चांचपतांना बटण चटकन् सांपडतें काय? पहिल्याच दाबाला डोळ्यांवर लख्ख उजेड येतो, कीं मंद? उजेड ज्योतीसारखा पिवळसर आहे, कीं आजाऱ्याच्या खोलींत नकोसा होणारा निळसर? टाइप-सीचें तोंड असूनहि, आंत दोन लहानसे रोधक बसविण्याचे राहिल्यामुळें, कित्येक दिवे दोन्ही टोकांस टाइप-सी असलेल्या वायरीनें चार्जच होत नाहींत. कांहीं दिवे बंद असतांही आंतल्या आंत वीज पीत राहतात. वर्षभर कपाटांत ठेवलेला असा दिवा नेमका पुराच्या रात्रीं मुका निघतो. बॅटरी आंत कायमची डकविलेली असली, तर ती थकली कीं सारा कंदील टाकून द्यावा लागतो.

म्हणून विचारणें असेल तें पोलादी साचा कापण्यापूर्वीं विचारावें. साचा कापल्यावर चूक दुरुस्त करण्याचा खर्च फार मोठा होतो. पांच-दहा कच्चे नमुने करून एक गडावर जाणाऱ्याला, एक मळ्यांत पाणी पाजणाऱ्याला, एक घरांतील वृद्ध बाईला द्यावा. ‘आवडला काय?’ असें विचारलें, तर लोक भिडेनें होकार देतात. त्यापेक्षां ते तो कोठें टांगतात, केव्हां चरफडतात, हें पाहावें. सर्वांच्या सर्व सूचना मानतां येत नाहींत. एकाला उजेड जास्त हवा असतो, दुसऱ्याला वजन कमी. अशा वेळीं निवड करणें हें घडविणाऱ्याचेंच काम. पण ती कां केली, हें सूचना देणाऱ्यांस सांगितलें पाहिजे, म्हणजे ते पुढच्या खेपेसहि मनापासून बोलतात.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचें उदाहरण येथें मननीय आहे. तेथें अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यांसाठीं ‘नूरी’ नांवाचा रॉकेलवर चालणारा मॅन्टलचा दिवा तयार केला. पण ज्या झोपडींत दिवा नाहीं, तेथें धुराची चूलहि असते, आणि मॅन्टलच्या दिव्याची बरीचशी उष्णता वायां जाते. या विचारांतून पुढें त्याच संस्थेंत ‘लॅनस्टोव्ह’ घडला. तो उजेड देतां देतां अन्नहि शिजवितो. प्रश्न दिव्याचा म्हणून हातीं घेतला होता. घर नीट पाहिल्यावर तो चुलीचाहि निघाला.

कंदील विकत घेणारानेंहि एवढें करावें: दुकानांत झगझगाट पाहून भुलूं नये. मंद उजेड किती रात्री टिकतो, बॅटरी बदलतां येते काय, आणि ती गांवांत मिळते काय, हे तीन प्रश्न विचारावे. घरीं आणल्यावर एकदां रात्रभर लावून पाहावा, आणि दर पावसाळ्याच्या तोंडीं पुन्हां चार्ज करून ठेवावा. पहिल्या रात्रीं बहुतेक कंदील चांगलेच दिसतात. पाणी ओसरलें नाहीं आणि चौथी रात्र आली, म्हणजे मग कोणता कंदील कोणाला विचारून घडविला होता, तें कळतें.