चुन्याचा गिलावा : घरच्या घरी

हैदराबादच्या जुन्या वस्तीत चुन्यात बांधलेली घरे अजून उभी आहेत. अशा घराचा गिलावा सुटला की हल्ली सिमेंटचे ठिगळ लावतात. एकदोन पावसाळ्यांत ते ठिगळ भोवतालचा गिलावा घेऊनच खाली येते. पुष्कळदा गवंड्याला बोल लावला जातो. पण दोष मालाचा असतो. जुनी भिंत जमिनीतली ओल ओढते व चुन्यावाटे बाहेर टाकते. सिमेंट ही वाट अडवते. ओल कोंडते, लोणा फुटतो आणि वीट भुसभुशीत होते. १५९१ सालचा चारमिनार चुन्याच्याच कामाचा आहे. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा, हे उत्तम.

चुना घट्ट कसा होतो? चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापली की तिच्यातील कर्बद्विप्राणिल वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. पानदानातला चुना उघडा राहिला की वर कडक पापुद्रा धरतो, तोच हा प्रकार.

आता कृती. लोखंडी पिंपात अर्ध्यापर्यंत पाणी घ्यावे व त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडाव्यात. कळ्यांवर पाणी कधीही ओतू नये. चुना उसळून अंगावर येतो. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे हवेतच. मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत चुना गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. चुना निवल्यावर चाळून, वर पाणी ठेवून निदान महिनाभर मुरू द्यावा.

एक भाग मुरलेला चुना व तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू घेऊन चांगली मळावी. सैल गिलावा खरवडून भिंत झाडावी व भिजवावी. पहिला थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा. तो आवळल्यावर दुसरा पातळ थर बारीक वाळूचा द्यावा व थापीने घोटावा. पुढे आठवडाभर ओले गोणपाट लावून भिंत दमट ठेवावी. कडक उन्हात व भर पावसात हे काम काढू नये. दिवाळीनंतरचे दिवस चांगले.

प्रथम हातभर जागेवर करून पाहावे. भिंतीला मोठी भेग असेल, तर मात्र आधी इंजिनिअरला दाखवावे. चुन्याचे काम जाणणारे वृद्ध गवंडी आता थोडे उरले आहेत. आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील तरुणांनी त्यांच्या हाताखाली एखादी भिंत करावी, म्हणजे घरही राहील आणि विद्याही.