श्वासाच्या श्रमाचे माप

1952 सालच्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओच्या साथीने असा कहर मांडला की, श्वसन लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण पाहता पाहता दगावले; आणि त्या काळची श्वसनयंत्रे संख्येने तशीच सामर्थ्यानेही अपुरी आहेत हे उघड झाल्यावर, ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 27 ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद देववून, तीत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबीत तिच्या फुप्फुसांत हवा भरण्याचा उपाय योजिला. उपाय लागू पडला. मग सुमारे 1500 विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले, रात्रंदिवस पिशव्या दाबीत राहिले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची परंपरा त्या उशांपाशी सुरू होते.

पिशवी दाबणाऱ्या त्या हातांना एक विद्या आपोआप अवगत होत असे. फुप्फुस मऊ आहे की ताठरले आहे, रुग्ण निपचित पडून आहे की स्वतः श्वास ओढू पाहत आहे, हे बोटांना कळत असे. पुढे हाताची जागा यंत्राने घेतली. यंत्र थकत नाही, पेंगत नाही, हे त्याचे उपकार मोठेच; परंतु आपण किती जोराने हवा ढकलली हे पडद्यावर दाखविणारे यंत्र, त्याच श्वासात रुग्णाने स्वतःचे किती बळ खर्च केले याचा हिशेब सरळपणे देत नाही. आकडे समाधानकारक दिसावेत आणि आत छातीची झुंज चालू असावी, असा प्रसंग म्हणूनच संभवतो. हातांची ती हरवलेली संवेदना वैद्यकाला परत मिळवून देणारे साधन म्हणजे अन्ननलिकेत ठेवावयाचा एक छोटासा फुगा.

त्याचे रूप अगदी साधे आहे. नाकावाटे अन्ननलिकेत उतरविता येईल अशा बारीक नळीच्या टोकाशी सुमारे 10 सेंटिमीटर लांबीचा पातळ फुगा असतो. तो अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात आणून त्यात मोजकीच हवा सोडतात. अन्ननलिका छातीच्या पोकळीतून जात असल्यामुळे फुप्फुसांभोवती श्वासागणिक होणारे दाबाचे चढउतार या फुग्यात उमटतात, आणि फुप्फुसावरणात सुई खुपसण्याचे संकट टळते. हॉलंडच्या बॉइटेंडाइक यांनी 1949 मध्ये या मार्गाने मापन केले, मिलिक-एमिली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये फुग्याची रीत सुधारली, आणि 1982 मध्ये त्याची सत्यपरीक्षाही मुक्रर झाली: श्वास सोडून होताच हवेची वाट क्षणभर बंद करावयाची, रुग्णाने श्वास ओढण्याचा यत्न केला की श्वासमार्गातला व फुग्यातला दाब जवळजवळ सारखाच उतरला पाहिजे. तसे न झाल्यास फुग्याची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत.

या मापनाचे महत्त्व श्वसनाच्या जमाखर्चात आहे. निरोगी माणूस स्वस्थ असता त्याचे श्वसनस्नायू शरीराच्या एकंदर प्राणवायूपैकी शेकडा 1 ते 3 इतकाच वाटा घेतात. फुप्फुस ताठरले वा वायुमार्ग आकसले की हाच खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि हृदय आधीच दुर्बळ झाले असेल तर मेंदू, मूत्रपिंड यांच्या वाट्याचे रक्त या स्नायूंकडे वळते. श्रमाचे माप काढण्याची रूढ रीत दाब आणि हवेचे घनफळ यांचा गुणाकार करण्याची. परंतु जुनाट श्वासविकाराच्या रुग्णाच्या छातीत बाहेर न पडलेली हवा कोंडून राहते, त्याने ओढलेला श्वास यंत्रापर्यंत पोचतच नाही, हवा आत येत नाही, आणि स्नायू शिणत असताही गुणाकार शून्य भरतो. म्हणून स्नायूंनी किती दाब किती काळ पेलला, याचा हिशेब अधिक न्याय्य ठरतो.

माप हाती आले म्हणजे भार हलका करण्याचे मार्ग निवडता येतात. ताप उतरविणे, वेदना शमविणे, कफ काढणे, उशाकडची बाजू उंच करणे, आकसलेले वायुमार्ग औषधाने मोकळे करणे हे परिचारिकांच्या नित्याच्या कामगिरीतले उपाय. नाकावाटे उष्ण व दमट प्राणवायूचा मोठा प्रवाह देणे, किंवा प्रत्येक श्वासाला यंत्राने नेमक्या दाबाचा हातभार लावणे हे त्यापुढचे.

परंतु येथेच विवेकाची कसोटी लागते. स्नायूंना संपूर्ण विश्रांती देणे हीच दया, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदू मृत झालेल्या ज्या अवयवदात्यांचे मध्यपटल 18 ते 69 तास निष्क्रिय राहिले होते, त्यांच्या त्या स्नायूचे तंतू निम्म्याहूनही बारीक झालेले आढळले. उलट, रुग्ण बेसुमार जोराने श्वास ओढीत राहिला तर त्या ओढीनेच आजारी फुप्फुसाला आणखी इजा पोचू शकते, अशी साधार भीती आज तज्ज्ञांना वाटते. फार श्रम घातक आणि श्रमांचा अभावही घातक. या दोहोंमधली वाट मापावाचून सापडणार कशी?

प्रत्येक खाटेपाशी फुगा असणार नाही, हे खरे. पण त्यावाचून काही अडावे असेही नाही. श्वास सुरू होताच वाट रोखून पहिल्या दशांश सेकंदात दाब किती उतरतो हे पाहण्याची युक्ती 1975 पासून ज्ञात आहे, आणि आजची अनेक यंत्रे तो आकडा स्वतःच दाखवितात. मानेचे ताणलेले स्नायू, फुललेल्या नाकपुड्या, श्वास घेताना आत ओढले जाणारे पोट ही लक्षणे पाहावयास तर केवळ जागरूक नजर लागते. ताप, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद जशी प्रत्येक पाळीत कागदावर चढते, तशीच श्वासाच्या श्रमाचीही चढावी. पिशवी दाबणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या बोटांना जे अखंड कळत होते, ते यंत्रापाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने प्रयत्नपूर्वक जाणून घेतले पाहिजे.