माथेरान कुणी वाहिलं?

माथेरानला येणाऱ्याची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी चला, घोडा करा, रिक्षात बसा, नाहीतर अमन लॉजहून शटल पकडा. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे हवा स्वच्छ राहिली. पण मोटार जे ओझं नेते, ते इथे कुणाच्या तरी पाठीवर पडलं. गावाचा इतिहास त्या ओझ्याच्या बाजूने वाचावा.

पुस्तकांतला इतिहास मे 1850पासून सुरू होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाहून वर चढले, जागा आवडली म्हणून पुढे त्यांनी घरही बांधलं. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी थंड हवेचं ठिकाण म्हणून गाव आकाराला आणलं. धनगर, ठाकर, कातकरी तर त्याआधीपासून या डोंगरात वावरत होते. नकाशावर मात्र ठळक झाली ती लुइझा, शार्लट, अलेक्झांडर ही इंग्रजी नावं.

साहेब आणि शेठजी वर यायचे ते घोड्यावरून किंवा माणसांच्या खांद्यावरच्या पालखीतून. मुंबईचे बोहरी उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून सुमारे 20 किलोमीटरची, दोन फुटी रुळांची रेल्वे बांधली. 1907मध्ये गाडी धावू लागली. स्टेशनपासून बंगल्यापर्यंतचं ओझं मात्र माणसांकडेच राहिलं.

याच गावात 1912मध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, पण लक्ष गेलं ते कर्जत परिसरातल्या, कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांकडे. सावकारापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या. 1942च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

माणसांवरचं ओझं मात्र पुढेही राहिलं, ते हातरिक्षांच्या रूपात. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचे निर्देश दिले. निर्णय योग्यच, पण त्याची कसोटी एकच. नव्या रिक्षाची मालकी आणि कमाई, आजवर ज्यांनी जुनी रिक्षा चढावर ओढली त्यांच्याच हाती पडली पाहिजे. नाहीतर ओझं उतरेल, पण पोट रिकामं राहील.