एकट्या डॉक्टरची माणसं

तालुक्याच्या गावात एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला शंका आली, तर विचारणार कुणाला? रात्री अकराला समोर आलेला ईसीजी नेहमीसारखा दिसत नाही. डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेतल्या ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञाला तो मोबाइलवर धाडता येतो आणि ‘ताबडतोब हलवा’ असं स्पष्ट उत्तर मिळतं. सभासदत्वाचं खरं मोल इथे कळतं.

१९२८ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखा आज गावोगावी आहेत. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. शाखेच्या व्याख्यानांना जाण्याचं तेही एक कारण. पण व्याख्यानानंतर जेवताना एखाद्या फसलेल्या केसबद्दल मोकळेपणाने बोलता येतं, ते कुठल्याही पॉइंटांत मोजता येत नाही.

कायद्याची भीती आहेच. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. त्या खटल्यात ही संघटनाच पक्षकार होती आणि तिचं म्हणणं मान्य झालं नाही. रुग्णांच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. डॉक्टरांना मात्र नोटीस आली की वकील आणि जाणता सहकारी लागतो. दवाखान्यावर जमाव चालून आला, तर पोलीस ठाण्यात सोबत येणारी माणसंही बहुधा शाखेतलीच असतात.