दुधाच्या किटल्यांची सायकल

एके काळीं सायकलींचें शहर म्हणून गाजलेल्या पुण्यांत गवळ्याची सायकल हें एक निराळेंच वाहन होतें. साध्या सायकलीवर ओझें लादून तें सिद्ध होत नसे. मुळांत २८ इंची चाकांची, वरची नळी दुहेरी असलेली सायकल निवडीत. तिच्या मागच्या चाकास ४० तारा, पुढच्यास ३२, कारण भार मागेंच पडावयाचा. कॅरिअरच्या जाड सळया थेट मागच्या आंसाशीं आवळून दोहों बाजूंस किटल्यांसाठीं लोखंडी आंकडे बसवीत.

किटल्या खालीं लोंबतात, यांतच खरी युक्ति आहे. भार जितका जमिनीजवळ, तितका तोल सोपा. वीस वीस लिटरांच्या दोन किटल्या म्हणजे नुसतें दूधच सुमारें ४१ किलो! रतीब घालतांना एकच किटली रिकामी केली, तर सायकल दुसऱ्या अंगास ओढते. म्हणून मापें आळीपाळीनें घालावीं लागतात. पावसांत भिजलेल्या लोखंडी रिमेवर ब्रेकचें रबर घसरतें. अशा वेळीं उतारावर शहाणा गवळी खालीं उतरून चालतो. सांडलेल्या दुधाचे पैसे अखेर त्याच्याच खिशांतून जातात. मागची एखादी तार तुटली तरी चाक डगमगूं लागतें. त्यासाठीं निघण्यापूर्वीं तारांवरून बोट फिरवावें. ढिली तार बोटाला तेव्हांच कळते.