स्टुडिओतला स्पीकर घरी येतो तेव्हा

गाण्याची आवड असलेली मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. 'घरी गाणं ऐकायला स्टुडिओतले ॲक्टिव्ह मॉनिटर घेतले तर चालतील का?' या प्रश्नामागे एक धास्तीही असते. मॉनिटर म्हणे चुका शोधायचं यंत्र. त्यावर गाणं कोरडं लागतं. ध्वनिमुद्रणाच्या कामात बरीच वर्षं गेल्यामुळे या धास्तीबद्दल मला थोडं सांगता येईल.

मॉनिटर म्हणजे काय ते आधी पाहू. ध्वनिमुद्रकाला आपण काय मुद्रित केलंय ते जसंच्या तसं ऐकू यावं लागतं. समजा, त्याच्या स्पीकरने पदरचा खर्ज मिसळला. मग तो मुद्रणात खर्ज कमी ठेवील आणि तेच गाणं तुमच्या घरी पोकळ वाजेल. म्हणून मॉनिटरने आपल्या पदरचं काही घालू नये, अशी अपेक्षा असते. प्रत्येक मॉनिटर ती पुरी करतोच असं मात्र नाही.

घर आणि स्टुडिओ यांच्यातली ही ये-जा जुनी आहे. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ साली आला तो घरगुती वापरासाठी. पुढे जगभरच्या स्टुडिओंनी तो उचलला. त्याचा वरचा आवाज इतका बोचरा, की ध्वनिमुद्रक ट्वीटरपुढे टिश्यू कागद लावत! २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. फिनलंडची जेनेलेक कंपनीही १९७८ मधलीच. तिथल्या सार्वजनिक नभोवाणीला ॲक्टिव्ह मॉनिटर हवे होते, त्या गरजेतून तिचा पहिला स्पीकर तयार झाला.

आता 'ॲक्टिव्ह' या शब्दाकडे वळू. बहुतेक स्पीकरमध्ये खालच्या सुरांसाठी मोठा वूफर आणि वरच्या सुरांसाठी छोटा ट्वीटर असतो. कुठला सूर कोणाकडे जायचा, हे ठरवणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. नेहमीच्या पॅसिव्ह स्पीकरमध्ये आधी ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो आणि मग तारेची वेटोळी व कपॅसिटर वापरून त्याची वाटणी होते. त्यात थोडी शक्ती उष्णतेत वाया जाते आणि ॲम्प्लिफायरचा वूफरवरचा ताबाही सैल होतो. ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये वाटणी आधी होते, संकेत अगदी क्षीण असतानाच. नंतर वूफरला त्याचा आणि ट्वीटरला त्याचा असे स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतात. ते त्याच खोक्यात बसवलेले असतात आणि एकमेकांना जुळवूनच बनवलेले असतात. कुठल्या स्पीकरला कुठला ॲम्प्लिफायर, ही डोकेदुखी आपोआप मिटते.

याचा आपल्या संगीताशी काय संबंध? तंबोऱ्याचंच उदाहरण घ्या. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. पाच इंची वूफरचे बरेचसे मॉनिटर ५० हर्ट्झच्या आसपास पोचतात, तेव्हा खर्ज त्यात बसतो. पण तंबोऱ्याचं खरं वैभव जवारीत आहे. घोडीवरचा तो दोरा नेमका बसला, की एका तारेतून उपस्वरांची रांग उमटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांच्या या गुणावर शोधनिबंध लिहिला होता. हे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत चढत जातात. वूफर आणि ट्वीटर यांची सरहद्द साधारण दोन-तीन हजार हर्ट्झवर असते, म्हणजे एकाच तारेचा आवाज ती ओलांडून जातो. तिथे सांधा दिसला, तर जवारी तुटक लागते. सांधा बेमालूम असला, तर तंबोरा खोलीत भरून राहतो.

मात्र स्पीकर कितीही चांगला असला, तरी त्याच्या आवाजात खोली आपला आवाज मिसळतेच. आपल्याकडे फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या. खोलीत एक टाळी वाजवून पाहा; झणझणाट आला, तर जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट हे उपाय आधी करा. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. बाजू एक ते दीड मीटर. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. इतक्या जवळून ऐकलं, की खोलीची ढवळाढवळ कमी होते आणि शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो. भिंतीलगत ठेवणं भागच असेल, तर पुष्कळ मॉनिटरच्या पाठीमागे खर्ज कमी करण्याची कळ असते, ती वापरा.

काही तोटेही आहेत. दोन्ही खोक्यांना विजेची स्वतंत्र जोडणी लागते. आतल्या ॲम्प्लिफायरची बारीक सुरसुर जवळून, शांत रात्री ऐकू येऊ शकते. शिवाय मंद आवाजात आपल्याच कानांना खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलं. त्यावर उपाय म्हणून आवाज वाढवत नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. त्याहून मोठा असेल, तर वेळ झपाट्याने घटते.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. एकाच खोक्यात ॲम्प्लिफायर आणि दुसऱ्याकडे नुसती तार, असा जोड बहुधा खरा ॲक्टिव्ह नसतो. आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवा. जरा मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच सरस भासतो.

राहता राहिली कोरडेपणाची धास्ती. जुन्या तबकड्यांची खरखर मॉनिटर लपवत नाही, हे खरंच. पण त्याच प्रामाणिकपणामुळे गायकाने समेआधी घेतलेला श्वास, बायाँवरची मींड, साथीदाराची हलकी दाद हेही कानी येतं. ज्यांना गाणं पाठीमागे नुसतं वाजत राहायला हवं, त्यांनी हा खर्च करू नये. ज्यांना समोर बसून ऐकायचं आहे, त्यांनी आपल्या चांगल्या परिचयाचं एक ध्वनिमुद्रण घेऊन दुकानात जावं आणि निदान अर्धा तास ऐकावं. निर्णय कानांवर सोपवावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)